खाडा कोणाच्या माथी : आगाऊ भरलेल्या जेवणाचा इतिहास

डोंगरावरच्या किंवा समुद्रकाठच्या हॉटेलात खोली राखून ठेवू पाहणाऱ्या भारतीय प्रवाशापुढे जे दरपत्रक येते, त्यात ईपी, सीपी, एमएपी आणि एपी अशी चार आद्याक्षरी नावे असतात. ईपी किंवा युरोपियन प्लॅन म्हणजे केवळ खोलीचे भाडे. सीपी किंवा कॉन्टिनेन्टल प्लॅन म्हणजे खोली आणि सकाळची न्याहारी. एमएपी किंवा मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन म्हणजे न्याहारीखेरीज दोनपैकी एक जेवण, बहुधा रात्रीचे. आणि एपी किंवा अमेरिकन प्लॅन म्हणजे न्याहारी व दोन्ही वेळची जेवणे धरून आकारलेला दर. जेवणाचे पैसे आगाऊ भरावेत की तेथे गेल्यावर जेवू तेवढेच द्यावेत, हा प्रश्न सहलीचा खर्च मांडणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे येतो आणि तो बहुधा साध्या गुणाकाराने सोडवला जातो: माणशी इतके रुपये, इतके दिवस, बाहेर जेवल्यास साधारण इतका खर्च. या हिशेबात एक रकाना मात्र नेहमी कोरा राहतो, आणि तो म्हणजे न जेवलेल्या जेवणाचा.

मराठीत या रकान्याला नेमका शब्द आहे. खाडा म्हणजे नियमित चालणाऱ्या व्यवहारात पडलेला खंड: दूधवाला आला नाही तर दुधाचा खाडा, कामगार आला नाही तर हजेरीचा खाडा, आणि खानावळीचा मेंबर एखाद्या वेळी ताटावर बसला नाही तर जेवणाचा खाडा. महिनाअखेरीस खाडे वजा करून हिशेब व्हावा ही अपेक्षा या शब्दातच गृहीत आहे. गेल्या दोनशे वर्षांत हॉटेले, सुट्टीच्या छावण्या आणि बेटांवरील विश्रामस्थाने यांनी जेवणासह जे दर ठरवले, त्यांत ताटातील पदार्थ आणि दिवसातील जेवणांची संख्या बदलत गेली हे खरे. परंतु व्यवहाराचे स्वरूप ठरवणारा फरक हा खाडा गिऱ्हाइकाने सोसायचा की मालकाने, याच मुद्द्यावर पडलेला दिसतो.

युरोपातील जुन्या सरायांमध्ये प्रवाशाला निवड अशी नव्हतीच. ज्याला फ्रेंच भाषेत ताब्ल दोत म्हणजे ‘यजमानाचे टेबल’ म्हणत, तेथे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दराने, घरधन्याने जे शिजवले असेल ते अनोळखी माणसांच्या पंक्तीला बसून खावे लागे आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला तळाचे उरे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रेस्टॉरंट ही संस्था रुजली, तिने ही पंगत मोडली: वेगळे टेबल, हव्या त्या वेळी जेवण, छापील यादी आणि यादीतील प्रत्येक पदार्थापुढे त्याची किंमत. खोली एका व्यवहारात आणि अन्न दुसऱ्या व्यवहारात मोजण्याची जी पद्धत पुढे ‘युरोपियन’ म्हणून ओळखली गेली, तिची मुळे या यादीत आहेत.

अमेरिकेत गोष्टी वेगळ्या दिशेने गेल्या. १८२९ साली बॉस्टनमध्ये ट्रेमाँट हाउस हे हॉटेल उघडले. वास्तुविशारद आयझाया रॉजर्स याने बांधलेल्या या १७० खोल्यांच्या इमारतीत कुलूप असलेल्या स्वतंत्र खोल्या, नळाचे पाणी आणि प्रत्येक पाहुण्याला साबण अशा, त्या काळी अपूर्व वाटणाऱ्या, सोयी होत्या, आणि दिवसाला २ डॉलर या दरात चार वेळचे खाणे अंतर्भूत होते. पुढील काही दशकांत देशभर उभ्या राहिलेल्या मोठ्या हॉटेलांनी हाच नमुना उचलला. शेकडो माणसे घंटेच्या इशाऱ्यावर एकाच दालनात जेवायला बसत. मालकाच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची होती, कारण किती पाने मांडायची हे खोल्यांच्या वहीवरून आधीच कळे; आणि नव्या, विरळ वस्तीच्या गावांत हॉटेलाबाहेर बरे अन्न मिळण्याची शाश्वती नसल्याने प्रवाशालाही तक्रारीस फारशी जागा नव्हती. खाडा पूर्णपणे प्रवाशाच्या माथी होता, पण खाडा करून जाणार कोठे, असा तो काळ होता.

शहरे वाढली तशी ही स्थिती बदलली. १८५५ साली हार्वे पार्कर याने त्याच बॉस्टनमध्ये पार्कर हाउस उघडले आणि खोलीचे व जेवणाचे पैसे वेगळे आकारले. अमेरिकेत युरोपियन प्लॅन रुजवणाऱ्या आरंभीच्या हॉटेलांत त्याची गणना होते. व्यापारासाठी आलेल्या माणसाला दुपारी गावात कोठेतरी कोणाबरोबर तरी जेवायचे असे, आणि हॉटेलात न खाल्लेल्या भाजलेल्या मांसाचे पैसे भरणे त्याला खटकू लागले होते. एकोणिसावे शतक संपता संपता शहरी हॉटेलांतून अमेरिकन प्लॅन मागे हटत गेला. तो जेथे टिकला, त्या जागा पाहिल्या की त्याचे सारे गणित उलगडते.

मिशिगन राज्यातील मॅकिनॅक बेटावर १८८७ साली ग्रँड हॉटेल उघडले. दोन रेल्वे कंपन्या आणि एक आगबोट कंपनी यांनी मिळून ते बांधले होते, म्हणजे प्रवाशाला बेटावर आणणारेच त्याला जेवूही घालत होते. १८९८ साली या बेटाने मोटारगाड्यांना बंदी केली आणि ती बंदी आजही आहे. वाहतूक घोड्यांची आणि सायकलींची. न्यूयॉर्क राज्यातील डोंगरात १८६९ साली सुरू झालेले मोहॉन्क माउंटन हाउस हे असेच आडबाजूचे, तळ्याकाठचे ठिकाण. या दोन्ही ठिकाणी जेवणासह दर सांगण्याची रीत शहरांनी ती टाकून दिल्यावरही दीर्घकाळ चालू राहिली. ज्या गावातून संध्याकाळी पायी बाहेर पडून दुसरीकडे जेवून परत येता येते तेथे अमेरिकन प्लॅन मेला, आणि जेथे तसे करता येत नाही तेथे तो जगला, असा ढोबळ नियम या इतिहासातून काढता येतो. जेवणाची योजना परवडेल का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर म्हणूनच दरपत्रकापेक्षा नकाशात अधिक लवकर सापडते.

विसाव्या शतकात या पद्धतीला नवा आश्रयदाता मिळाला, तो म्हणजे पगारी रजा मिळू लागलेला कामगार. इंग्लंडमध्ये बिली बटलिन याने १९३६ साली स्केग्नेस येथे सुट्टीची छावणी उघडली. आठवड्याला ३५ शिलिंगांपासून ३ पौंडांपर्यंतच्या दरात लाकडी खोली, दिवसाला तीन जेवणे आणि करमणूक असे सगळे येई. आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी, ही त्याची जाहिरात होती, आणि दोनच वर्षांनी, १९३८ साली, ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा झाला. मोजक्या पैशांत पोराबाळांसह बाहेर पडणाऱ्या माणसाला किती स्वस्त यापेक्षा किती नक्की हे अधिक महत्त्वाचे होते. शेवटच्या दिवशी खिसा रिकामा होणार नाही ही खात्री त्याने आगाऊ विकत घेतली होती, आणि खात्रीचे मोल खाड्यांच्या हिशेबात धरायचे की नाही, हा वाद आजतागायत मिटलेला नाही. (मराठीत ‘आगाऊ’ या शब्दाचा अर्थ वेळेआधी दिलेले असा आहे आणि उद्धट असाही आहे, हॉटेल व्यवसायाने हे दोन्ही अर्थ अधूनमधून सार्थ केले आहेत.)

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० साली, बेल्जियमचा वॉटरपोलो खेळाडू जेरार ब्लिट्झ याने मायोर्का बेटावरील अल्कुडिया येथे तंबूंची वसाहत वसवली. क्लब मेडिटेरानी, म्हणजे पुढे क्लब मेड या नावाने जगभर गेलेली संस्था, ती हीच. तंबू पुरवणारा गिल्बेर त्रिगानो पुढे तिचा सूत्रधार झाला. लांब टेबलांवर अनोळखी माणसांच्या सोबतीने जेवणे, ही ताब्ल दोतची विस्मृतीत गेलेली रीत येथे मैत्रीच्या नावाने परत आली. जेवण दरात धरलेले असे, परंतु मद्यालयातील पेयांसाठी गळ्यातील माळेचे मणी काढून द्यावे लागत. पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो ही अडचण मण्यांनी सोडवली, आणि मणी हातचे सुटताना पैसे सुटल्याची टोचणी लागत नाही हेही त्यांनी दाखवून दिले. जमैकात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि विशेषतः १९८१ साली माँटेगो बे येथे सुरू झालेल्या सँडल्स या हॉटेलापासून मणीही गेले, आणि पेयांसह सर्व काही एकाच रकमेत देणारी, ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत कॅरिबियन बेटांवर पसरली.

या पद्धतीत खाडा दोघांचा होतो, पाहुण्याचा आणि गावाचा. पाहुण्याने न खाल्लेले जेवण मालकाच्या पथ्यावर पडते हे उघडच आहे. परंतु कुंपणाबाहेरच्या खानावळवाल्याच्या, फळविक्याच्या आणि टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने पाहुणा हाच एक मोठा खाडा असतो, कारण तो गावात येतो पण गावात जेवत नाही. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या लहानशा देशाने १९९९ साली अशा सर्वसमावेशक सहलींवर बंदी घातली, ती याच कारणाने. मात्र परदेशी सहल कंपन्या पाहुणे दुसऱ्या देशाकडे वळवतील या भीतीने सुमारे वर्षभरातच ती मागे घ्यावी लागली. एका ताटाचा हिशेब एखाद्या सरकारला पेलवत नाही, याचे हे उदाहरण हॉटेल व्यवसायाच्या इतिहासात फारसे सांगितले जात नाही.

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या करमणूक नगरीत २००५ साली जी जेवण योजना सुरू झाली, तिने खाड्याला जणू चलनाचे रूप दिले. राहण्याच्या प्रत्येक रात्रीमागे पाहुण्याच्या खात्यात ठरावीक जेवणे आणि खाऊ जमा होतात, बसून जेवण्याचे एक प्रकारचे आणि झटपट खाण्याचे दुसऱ्या प्रकारचे. ही जमा कोणत्याही दिवशी, कमीअधिक प्रमाणात खर्च करता येते, परंतु खोली सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सारी शिल्लक रद्द होते. २०२० साली महासाथीत थांबलेली ही योजना जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. एक दिवस उपवास पडला तर दुसऱ्या दिवशी भरपाई करण्याची मुभा देऊन येथे रोजचा खाडा माफ केलेला आहे आणि मुक्कामाचा एकत्रित खाडा गिऱ्हाइकाकडे ठेवलेला आहे. परिणामी मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी भूक नसतानाही खाऊ घेणे क्रमप्राप्त होते.

हिशेबात तोटा दिसत असूनही माणसे ठोक रक्कम का पसंत करतात, याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवले की कपडे धुण्याच्या यंत्राचे पैसे नंतर हप्त्याने देणे ज्यांना बरे वाटते, तीच माणसे सुट्टीच्या सहलीचे पैसे मात्र आधी देऊन मोकळे होणे पसंत करतात, कारण भोगण्याच्या वेळी देण्याची आठवण नको असते. स्तेफानो देल्लाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील व्यायामशाळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा महिन्याला ७० डॉलरहून अधिक ठोक शुल्क भरणारे सभासद महिन्यातून सरासरी साडेचार वेळाही जात नव्हते, आणि एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत होते. वास्तविक दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर पडले असते. व्यायाम चुकवण्याकडे आणि जेवण चुकवण्याकडे माणसाचा ओढा सारखा नसतो हे मान्य केले, तरी आपण किती वेळा हजर राहू याचा अंदाज माणूस स्वतःबद्दल फार उदारपणे करतो, ही गोष्ट दोन्हीकडे लागू पडते.

महाराष्ट्रात राहण्याची आणि जेवणाची सोय परंपरेने वेगवेगळी होती. धर्मशाळेत छप्पर मिळे आणि चूल मांडायला जागा, शिधा ज्याचा त्याचा; अन्नछत्रात ताट मिळे, पण तेथे पैशाचा संबंध नसे. इंग्रजी अमदानीतील डाक बंगल्यात खोलीचे भाडे वेगळे आणि खानसाम्याने शिजवलेल्या जेवणाचे वेगळे, म्हणजे तो युरोपियन प्लॅनच होता. शिक्षणासाठी पुण्यात आलेला गरीब मुलगा माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे, म्हणजे आठवड्याच्या सात वारी सात घरी. त्याच्या खाड्याची चौकशी झाली तरी ती काळजीपोटी होई, हिशेबापोटी नव्हे. पैसे देऊन नियमित जेवण घेण्याची खरी मराठी संस्था म्हणजे खानावळ, आणि तिचे विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळलेले नाव मेस.

पुण्या-मुंबईच्या मेसमध्ये महिन्याचे पैसे भरून मेंबर होण्याची रीत अमेरिकन प्लॅनशी वरवर जुळते, पण तिचे नियम बारकाईने पाहिले तर ती अधिक न्यायी ठरते. रविवारी दुपारी गोडाचे जेवण, रविवारी रात्री बहुधा सुट्टी, पाहुणा आणल्यास त्याचे पैसे वेगळे. आणि आधी कळवून सलग काही दिवस गैरहजर राहिल्यास खाडे धरून ती रक्कम वजा किंवा तेवढे दिवस पुढे. कित्येक ठिकाणी कुपनांचे पुस्तक देत आणि जेवू तेवढीच कुपने फाटत. न कळवता झालेला खाडा मेंबराचा आणि कळवून झालेला मालकाचा, ही विभागणी कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने सुचवलेली नसून पोळ्या किती लाटायच्या या रोजच्या प्रश्नातून आलेली आहे, आणि जगातील बहुतेक हॉटेलांना ती आजही साधलेली नाही.

गिरणगावातील खानावळींचा व्यवहार तर याच्याही उलट होता. कोकणातून आणि घाटावरून एकट्याने मुंबईत आलेले कामगार ज्या बायकांकडे जेवत, त्या खानावळवाल्या दोन खणांच्या घरात पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करीत, आणि पैसे मिळत ते जेवून झाल्यावर, गिरणीचा पगार झाला की. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज त्यांच्या डोक्यावर असे. हॉटेलाच्या योजनेत जेवणारा मालकाला उसने देतो. येथे स्वयंपाक करणारी जेवणाऱ्याला उसने देत होती, तेही सावकाराकडून काढलेले. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराचा फास सैल केला. पण १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा पगारच थांबला आणि जेवलेल्या जेवणाचीही वसुली होईना. खाडा या शब्दाला न जेवलेल्या ताटाचा अर्थ आहे. जेवलेल्या आणि तरी पैसे न आलेल्या ताटाला मात्र बुडीत याहून वेगळा शब्द त्या बायकांपाशी नव्हता.

मराठी मध्यमवर्ग पुढे देशभर आणि परदेशी हिंडू लागला, तो मात्र जेवण धरूनच. काशी-रामेश्वराच्या यात्रा नेणाऱ्या कंपन्या आचारी आणि भांडीकुंडी बरोबर घेत. १९८४ साली सुरू झालेल्या केसरीसारख्या सहल कंपन्यांनी परमुलखात वरण-भात मिळेल या भरवशावर आपला व्यवसाय उभा केला. येथे दराची तुलना करणेच गैरलागू ठरते, कारण पर्याय दुसऱ्या हॉटेलाचा नसून चार दिवस पाव खाण्याचा असतो.

आणि मग माथेरान. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली इंग्रजी राज्यकर्त्यांच्या दृष्टीस आणलेल्या या डोंगरावर १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी आली. मोटारी मात्र गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यापर्यंतच, त्यापुढे दीर्घकाळ घोडा, हातरिक्षा किंवा पाय हेच पर्याय होते. मॅकिनॅक बेटाशी या गावाचा कसलाही संबंध नाही, तरी दोन्हीकडे मोटार नाही आणि दोन्हीकडे जेवणासह दर सांगण्याची रीत आहे, हा योगायोग म्हणता येत नाही. भाजीपाला आणि गॅसची टाकी जेथे मोटारीने दारात येत नाही, तेथे स्वयंपाकघराला किती माणसे येणार हे आधी कळणे फार मोलाचे असते, आणि माणशी दरात सकाळचा चहा, न्याहारी, दोन जेवणे धरून ही माहिती पाहुण्याकडूनच घेतली जाते. याउलट, सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास वसवलेल्या महाबळेश्वरात गाडी थेट बाजारापर्यंत जाते, पेठेत खाण्याची दुकाने ओळीने आहेत, दिवस प्रेक्षणीय ठिकाणे पाहण्यात जातो आणि दुपारच्या जेवणाला हॉटेलात परतणे बहुधा जमतच नाही. तेथे एपी घेणाऱ्या कुटुंबाच्या नावावर रोज दुपारी एक खाडा पडतो. न्याहारी आणि रात्रीचे जेवण तेवढे धरणारा एमएपी हा प्रकार निघाला, तो दिवसा बाहेर हिंडणाऱ्या अशाच पाहुण्यांसाठी, म्हणजे हॉटेलवाल्यांनी दुपारचा खाडा कायमचा कबूल केला त्या तडजोडीतून.

माथेरानहून वा अन्य कोठून पहाटे निघणाऱ्या पाहुण्याची न्याहारी दरात धरलेली असते, पण वेळेआधी निघाल्याने तिचा खाडा होणार असतो. पैसे परत देण्याची प्रथा नाही. मात्र आदल्या रात्री सांगून ठेवल्यास पुष्कळ हॉटेले ब्रेडचे सँडविच, उकडलेले अंडे किंवा पराठा आणि एखादे केळे असे खोक्यात भरून हातात देतात. पुण्याच्या मेसमध्ये कळवून केलेला खाडा ज्या नियमाने धरला जात असे, तोच नियम येथे त्या खोक्यापुरता उरलेला आहे.